लागला की लावला

‘लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, शिवीगाळ करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली.’

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा इंग्रजीत नेलं आहे की आता ते न वाचताच बोटं चालू लागतात. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. निवृत्तीनंतर एका वकील मित्राच्या सांगण्यावरून कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करायला लागलो. जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणं वर जातात ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमामुळे तिथलं कामकाज इंग्रजीत. इथल्या पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलेली फिर्याद, जबाब, पंचनामा हे सगळं आधी कुणीतरी इंग्रजी करून द्यावं लागतं. अमळनेरात बसून ते काम मी करतो.

या कामात खुनाबिनाची प्रकरणं थोडी असतात. बांधावरची भांडणं, पाटाच्या पाण्यावरून झालेली झोंबाझोंबी, लग्नात नाचताना लागलेला धक्का, असलीच जास्त. म्हणजे कोणी कोणाला कसं मारलं, कसं लोटलं, कुठे हात लावला, हेच रोज. आणि इंग्रजीत मारण्या-ढकलण्या-शिवण्याची क्रियापदं इतकी आहेत की शब्द निवडताना पेन थांबतंच. शाळेत मी मुलांना ती समानार्थी म्हणून पाठ करायला लावायचो. हिट, स्ट्राइक, बीट, नॉक, स्लॅप, पंच. पुश, शव्ह, थ्रस्ट, नज. टच, टॅप, पॅट, स्ट्रोक. फळ्यावर तीन रकाने आणि वर मोठ्या अक्षरांत शीर्षक. आज वाटतं, ते शीर्षक चुकीचं होतं. ‘स्ट्राइक’ एकदाच होतो, ‘बीट’ पुन्हा पुन्हा. एकाच्या जागी दुसरं लिहिलं की एका फटक्याचे दहा होतात. आणि आपलं ‘नवऱ्याने मारलं’ हे वाक्य एक फटका की रोजचा छळ, हे सांगतच नाही. ‘मारायचा’ म्हटलं तर कळतं. जबाबात मात्र नेमकं ‘मारले’ असतं.

मराठीत मार ही एक वस्तू आहे, हे मला भाषांतर करतानाच कळलं. चापट, थप्पड, गुद्दा, बुक्की, रट्टा, धपाटा, टपली, टिचकी, चिमटा, कोपरखळी, टोला, फटका, लाथ. सगळी नामं. मग ती वस्तू कोणी मारतो, कोणी देतो, कोणी लगावतो, कोणी ‘ठेवून देतो’. समोरचा ती चुकवतो किंवा खातो. आपण मार खातो, छड्या खातो, धक्के खातो, शिव्याही खातो. वर्गातलं एखादं पोर डोळे पुसत सांगायचं, ‘सर, घरी मार खाल्ला.’ त्या वाक्यात कर्ता ते पोर असतं. मारणारा बाप वाक्यात कुठेच नाही. इंग्रजीत नेताना ‘आय वॉज बीटन’ म्हणावं लागतं, आणि पोरगं नुसतं सोसणारं होऊन बसतं. त्याने तो मार खाल्ला, पचवला, दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत आलं, यातलं काही त्या तीन शब्दांत उरत नाही.

पण मराठीला एका शब्दाची क्रियापदं नाहीत असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. बडवणे, झोडपणे, चोपणे, धोपटणे, कुटणे, ठोकणे, ठेचणे. फक्त ती आधी माणसांसाठी नव्हती. आमच्या शेतात डिसेंबरच्या शेवटी तूर कापून खळ्यावर यायची. वाळलेल्या पेंढ्या पसरायच्या आणि वडील, काका आणि सालदार काठ्या घेऊन उभे राहायचे. एकाची काठी खाली येताना दुसऱ्याची वर जायची. शेंगा तडतडायच्या, दाणे उडून पायाला बसायचे, वाऱ्याने भुसा डोळ्यांत जायचा. ते झोडपणं. ज्वारीच्या कणसांचं बडवणं. मातीची जमीन घट्ट करायचं चोपणं, धुण्याच्या दगडावरचं धोपटणं, उखळातलं कुटणं. भाजलेल्या वांग्याचं भरीत आमच्याकडे ठेचतात, नुसतं कालवत नाहीत, आणि या बाबतीत खानदेशी माणूस तडजोड करत नाही. शेतातून आणि स्वयंपाकघरातून हे शब्द माणसांच्या पाठीवर आले. ‘धरून चोपला’ म्हणताना चोपणारा हात जमीन करणाऱ्या बाईचा असतो, हे आज कोणाच्या मनातही येत नाही. इंग्रजी ‘थ्रॅश’चंही तसंच. तोही मुळात मळणीचा शब्द.

एकदा एका जबाबात ‘झोडपले’ आलं तेव्हा मी ‘थ्रॅश्ड’ लिहिलं, आणि दोन्ही भाषांची खळी एकमेकींना भेटलेली पाहून त्या दिवशी मनापासून आनंद झाला. मारहाणीच्या कागदावर आनंद व्हावा हे बरोबर नाही. पण झाला खरा.

मग मी कोशात शिरलो. रात्री कागद बाजूला ठेवल्यावर एकेका शब्दाचं मूळ बघायची सवय लागली. ‘हिट’ जुन्या नॉर्सचा. तिथे त्याचा अर्थ गाठ पडणे, सापडणे. ‘स्ट्राइक’ जुन्या इंग्रजीत अलगद हात फिरवण्याच्या जवळचा होता. ‘स्ट्रोक’, म्हणजे कुरवाळणं, हा त्याचा सख्खा भाऊ. ‘पुश’ फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन, वारंवार आपटणे या अर्थाचं. नाडीला ‘पल्स’ म्हणतात तो शब्द त्याच घरातला. म्हणजे गाठ पडण्याचा झाला फटका, हात फिरवण्याचा झाला वार.

आपल्याकडे बरोबर उलटं झालंय. ‘मारणे’ संस्कृतातल्या ‘मृ’ धातूचं, मरण आणायला लावणारं क्रियापद. त्याहून कठोर अर्थ असू शकत नाही. आणि आपण त्याचं काय केलं? हाक मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो. मिठी मारतो. बाहेरगावाहून आलेल्या लेकीला आई दारातच मिठी मारते, आणि ते क्रियापद मरणाचं आहे हे दोघींच्या गावीही नसतं. अजूनही ते आपल्या मूळ अर्थाला पूर्ण सुटलेलं नाही. म्हणून पोलिसांना ‘जिवे ठार मारण्याची’ असं तीन-तीनदा बजावून लिहावं लागतं. नुसतं ‘मारीन’ म्हणजे एक चापटही असू शकते.

माझी आई भाकरी थापायची. कळण्याची भाकरी, परातीत, पीठ भुरभुरून, उजव्या हाताने थापत आणि डाव्याने फिरवत. चुलीशेजारी धाकटी बहीण झोपेला आली की आई पिठाचाच हात तिच्या पाठीवर ठेवून थोपटायची. थापणे, थापटणे, थोपटणे. आवाज एकच, पण स्वर बदलला की हाताचं वजन बदलतं. इंग्रजीत या तिन्हींना ‘पॅट’ चालेल. चालेल, पण बहिणीच्या फ्रॉकवर उमटलेला पांढरा पंजा त्यात मावत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त घाम फोडतं ते मात्र मारण्याचं क्रियापद नाही. ते आहे ‘लागणे’. धक्का मारला, धक्का दिला, धक्का लागला. पहिल्या दोन्हींत माणूस उभा आहे. तिसऱ्यात धक्का आपला आपण लागलाय. ठेच लागते, हात लागतो, डोळा लागतो, नजर लागते, भूक लागते, लळा लागतो. लग्नसुद्धा त्याच धातूचं. रावेर-सावद्याकडे केळीचा माल भरताना बघा. घड झाडावरून उतरवला की तो जमिनीला टेकू देत नाहीत. खांद्यावर जाड फडकं, गाडीत केळीच्या पाल्याचा थर, आणि हातातून हातात देताना दोन माणसं बोलणंसुद्धा थांबवतात. त्या वेळी हिरव्या सालीवर काहीच दिसत नाही. पिकल्यावर काळा डाग वर येतो. व्यापारी म्हणतो, ‘मालाला मार लागलाय.’ कोणी मारलं विचारलं तर उत्तर नाही. कोणीच मारलेलं नसतं, लागलेला असतो.

इंग्रजी वाक्याला हे चालत नाही. त्याला कर्ता हवा. नाही दिलात तर वाक्य लंगडतं, आणि भाषांतरकार नकळत कोणाला तरी तिथे आणून उभा करतो.

‘टच’पाशी तर मी फार सांभाळून वागतो. मराठीत स्पर्श हा पुस्तकातला शब्द. बोलताना आपण हात लावतो नाहीतर शिवतो. शिवणे म्हणजे कापड शिवणे आणि शिवणे म्हणजे स्पर्श करणे, दोन्हींना एकच उच्चार. मुलं शिवाशिवी खेळतात. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. आणि त्याच शब्दाने आपल्याकडे माणसांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं. पाणी शिवायचं नाही, उंबरा शिवायचा नाही, सावली पडू द्यायची नाही.

धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेने जाताना मला दर वेळी १९२९ सालची गोष्ट आठवते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. खानदेशातलं काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर वस्तीतली माणसं त्यांना रात्रीपुरतं थांबा म्हणून विनवायला आली होती. ते थांबले. पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. कारण न कळता बाबासाहेब स्टेशनवर तासभर ताटकळले. शेवटी टांगा मिळाला तो असा, की मालक टांगा देणार, हाकणार मात्र नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. टांगा हाकणं हे त्याचं काम नव्हतं, ते त्याला येतही नव्हतं. नदीवरच्या पुलाशी चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. टांगेवाला का नव्हता हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. ते नंतर चौकशीत समजलं.

मी हा प्रसंग माझ्या रोजच्या कामाच्या नजरेने बघतो. इथे ना कोणी मारलं, ना लोटलं. पंचनाम्यात काय लिहाल? ‘पडून पाय मोडला.’ टांगेवाल्याने बोटसुद्धा लावलेलं नाही, आणि बोट न लावणं हीच तर सगळी हकिगत. मारण्याच्या, ढकलण्याच्या, शिवण्याच्या माझ्या तिन्ही रकान्यांत या घटनेला क्रियापद नाही. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, म्हणजे एका नकाराला गुन्हा ठरवलं. त्यासाठी कायद्याला ‘न शिवणं’ हे करणं मानावं लागलं.

कायद्याकडे तशी दुसऱ्या टोकाचीही समज आहे. भारतीय दंड संहितेत ‘असॉल्ट’ होण्यासाठी स्पर्श लागत नव्हता. एकाने दुसऱ्यावर अशा रीतीने मूठ उगारली की आता मारणार असं त्याला वाटलं, तर तेवढ्याने ‘असॉल्ट’ पुरा. मूठ उगारण्याचं हे उदाहरण १८६०च्या त्या कायद्यातच दिलेलं होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण कल्पना तीच राहिली. आपले लोक मात्र ‘असॉल्ट’चं भाषांतर सरसकट ‘मारहाण’ करतात. त्याचा खरा मराठी शब्द खेड्यातल्या प्रत्येक फिर्यादीत तयार असतो: ‘अंगावर धावून आला’. ही जोडी जुळायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर केलेल्या कागदांची आजही रुखरुख आहे.

पण मला सांगायचंय ते पारोळ्याकडच्या एका म्हातारीबद्दल. गाव आणि नाव सांगत नाही. बांधावरून सख्ख्या भावांच्या दोन घरांत भांडण झालं. सोडवायला गेलेली ही बाई पडली, मनगट मोडलं. पुतण्यावर गुन्हा दाखल झाला. पुढे दोन्ही घरांत समेट झाला आणि गुन्हा रद्द करून घेण्यासाठी खंडपीठात अर्ज करायचा ठरलं. कागद माझ्याकडे आले. बाईच्या जबाबात वाक्य होतं: ‘त्याने मला जोराने लोटून दिले.’ खाली नेहमीची ओळ, ‘सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे,’ आणि तिच्याखाली अंगठा. शाई जास्त झाली होती, रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या.

‘लोटून दिले’साठी ‘पुश’ मला पांचट वाटला. ‘शव्ह’मध्ये जोर आहे, थोडा उद्धटपणा आहे. ‘थ्रस्ट’ फार टोकदार. अर्धा तास घालवून मी ‘शव्ह्ड मी डाऊन’ लिहिलं आणि समाधानाने झोपलो.

तीन आठवड्यांनी कागद द्यायला वकिलांकडे गेलो, तर ती बाहेरच्या बाकावर बसलेली. प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायला आली होती. शेजारी पुतण्या, हातात तिची पिशवी आणि पाण्याची बाटली. मी ओळख काढली, हात कसा आहे विचारलं. बोलता बोलता म्हणालो, लोटल्यावर एकदम हातावर पडलात का?

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘त्यानी लोटं नही, भाऊ. त्याना धक्का लागना.’ म्हणजे त्याने लोटलं नाही, त्याचा धक्का लागला.

अहिराणीत तिने हेच पोलीस ठाण्यात सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. लिहून घेणाऱ्याने त्याची शासकीय मराठी केली. दिवसाला दहा जबाब लिहिणाऱ्या माणसाच्या हाताला तयार वाक्यं असतात, तशी माझ्याही हाताला आहेत. जबाब तिला वाचूनही दाखवला असेल. ‘लोटून दिले’ ऐकून ती काही बोलली नाही, कारण मनगट दुखत होतं, आणि कागदावरची भाषा आपली नसते हे तिला आयुष्यभर माहीत होतं.

मी म्हटलं, मावशी, नक्की कसं झालं? ती उठली. मला उभं केलं, पाठमोरं वळवलं, आणि स्वतः माझ्या मागे आडवी उभी राहिली. पुतण्याने आपल्या बापाचा दंड धरून त्याला मागे ओढलं, तसा पुतण्या वळला. तिने ते वळून दाखवलं. तिचा हाडकुळा खांदा माझ्या दंडाला लागला. जोर काहीच नव्हता, पण मी बेसावध होतो आणि खरंच अर्धं पाऊल हललो. पुतण्या मान खाली घालून बाटलीचं झाकण उघडत-लावत होता.

‘आते याले इंग्रजीमा काय म्हणतस?’ तिने विचारलं.

मी ‘बम्प’ म्हणालो. पण घरी येईपर्यंत तो शब्द मला टोचत राहिला. ‘ही बम्प्ड इन्टू मी’ म्हटलं की पुन्हा पुतण्या कर्ता. तिच्या वाक्यात कर्ता धक्का होता. पुतण्या होता फक्त षष्ठीत, धक्क्याचा मालक म्हणून. ‘जॉसल’ गर्दीचा. ‘ब्रश’ फार हलका, त्याने मनगट मोडत नाही. रात्री उशिरा सापडलं: ‘हिज शोल्डर कॉट मी.’ इंग्रजीत असं म्हणतात. तिथेही खांदाच येऊन लागतो आणि खांद्याचा धनी षष्ठीत राहतो.

जबाब मला बदलता येणार नव्हता. कागदावर ‘लोटून दिले’ आहे, तर इंग्रजीत लोटूनच द्यावं लागणार. पण तिच्या नव्या प्रतिज्ञापत्रात तिचं वाक्य तिच्या बोलण्याप्रमाणे घ्यावं, असं मी वकिलांना सांगितलं. त्यांनी घेतलं, आणि त्याच्या इंग्रजीत खांदा गेला.

तेव्हापासून प्रत्येक जबाबाच्या वेळी मी एक प्रश्न विचारतो: बोलणारा कोणत्या बोलीत बोलला होता? अहिराणी, लेवा, भिलोरी, पावरी? बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. तरी विचारतो. आणि जिथे शंका असते तिथे मूळ मराठी शब्द इंग्रजी वाक्याच्या शेजारी तसाच ठेवून देतो.

आत्ता टेबलावर केळीच्या गाड्या भरणाऱ्या एका मजुराचा जबाब आहे. मजुरीच्या पैशांवरून मुकादमाशी वाद झाला, त्याची हकिगत पानभर आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘त्याने मला हात लावला.’ ‘माझ्या पोराला हात लावून बघ’ मधलं लावणं की नुसता खांद्यावर ठेवलेला हात? की मुळात ‘लागला’च होतं आणि घाईच्या अक्षरात ‘ग’चा ‘व’ झालाय? भिंग घेऊन पाहिलं. शाई पसरली आहे, दोन्ही वाचता येतं. सकाळी वकिलांना फोन करायचाय, तो माणूस गाडीवर जायच्या आधी.